हे गवत खायचं कुणी?

आपल्या कॉलेजच्या अ‍ॅडमिन बिल्डिंगसमोरचं लॉन आता काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. डागडुजी नको, नवीन कार्पेट नको, तणनाशक तर नकोच नको. आणि गार्डन कमिटीने भुवया उंचावण्याआधीच सांगते, त्या जागी पेव्हर ब्लॉकही नकोत. मग काय हवं, त्यासाठी हा लेख शेवटपर्यंत वाचा.

मित्रांनो, आधी त्या लॉनकडे एकदा नीट बघा. ते लॉन आहे हे आपल्याला कळतं ते फक्त बोर्डामुळे. 'गवतावर चालू नये' असं लिहिलंय म्हणजे खाली गवत असणार! प्रत्यक्षात तिथे काय आहे? निम्म्या जागेत लव्हाळा, कडेने लाजाळू, पाण्याच्या टाकीच्या बाजूला गाजरगवत, मध्ये मध्ये टाकळा, आणि नर्सरीतून चौकोनी तुकडे आणून अंथरलेलं ते मूळचं महागडं गवत उरलंय फक्त झेंड्याच्या कट्ट्याभोवती. बिचारं!

आमच्या सर्व्हेइंगच्या ग्रुपने एका रिकाम्या लेक्चरला ही जागा टेपने मोजली. ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद. म्हणजे १००० चौरस मीटर, गावच्या हिशोबाने जवळजवळ दहा गुंठे. आता थोडं गणित (कॉमर्सवाले हा लेख वाचत नाहीत, त्यामुळे चालेल). एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात लॉन हिरवंगार राहायचं, तर त्याला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे रोज ५००० लिटर. दहा हजारी टँकर असेल तर रोज अर्धा टँकर. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर ६ लाख लिटर, म्हणजे ६० टँकर!

कॉलेज एवढं पाणी घालत नाही, हे खरं आहे. मार्चमध्ये आपली बोअर खाकरायला लागते आणि लॉनचं पाणी बंद होतं. मग कुठल्या तरी कमिटीची व्हिजिट जाहीर होते, धावपळ करून टँकर येतो, आठ दिवस पाइप चालू, आणि व्हिजिट संपली की पुन्हा शुकशुकाट. त्याच महिन्यात हॉस्टेलला सकाळी अर्धा तास पाणी असतं, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं, असं प्रमाण धरलंय. ५००० ला ५५ ने भागा. नव्वद माणसं! आपल्या कंपाउंडच्या मागचा पाडा साधारण तेवढाच असेल. तिथल्या बायका एप्रिलमध्ये डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन आपल्याच गेटसमोरून जातात. गेटच्या आत स्प्रिंकलर फिरत असतो. हे रोज बघून आपल्याला काहीच वाटेनासं झालंय, हे मला जास्त खटकतं.

शहापूर तालुक्याची ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. तानसा धरण १८९२ चं. भातसाही आपल्याच तालुक्यातलं, आणि मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं ते एकटं पुरवतं. वैतरणेवरचा १९५७ चा मोडकसागर याच पट्ट्यातला, आणि त्याला नाव एका इंजिनिअरचं आहे, हे आपल्या लोकांनी अभिमानाने लक्षात ठेवावं. एवढी धरणं उशाला असून दर उन्हाळ्यात तालुक्यातल्या गावांत टँकर! पाऊस कमी आहे म्हणावं तर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि खाली आहे काळा बेसॉल्ट. भेगा असतील तिथेच पाणी मुरणार, बाकी सगळं उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून पिसे-पांजरापूरला, आणि तिथून मुंबईकरांच्या नळात.

यावर सभा-संमेलनात मुंबईला शिव्या घालणं सोपं आहे. घालाव्यात, माझी ना नाही. पण मुंबईला नावं ठेवत आपण मुंबईचंच लॉन आणून आपल्या दारात अंथरतो, त्याचं काय? कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागलात की फार्महाऊस प्लॉटच्या जाहिराती बघा. प्रत्येक बोर्डावर एक बंगला, एक छत्रीखालची खुर्ची, आणि डोळे दिपतील असं हिरवं लॉन. शनिवारी रात्री मालक येतात, रविवारी संध्याकाळी जातात. पाच दिवस ते लॉन बघायला वॉचमन आणि त्याची कोंबडी. माझी आजी मुरबाडकडची. तिला नात्यातल्या कुणीतरी हौसेने असं एक फार्महाऊस दाखवायला नेलं होतं. तिने सगळं बघून घेतलं, चहा प्यायली, आणि निघताना यजमानांना एकच प्रश्न विचारला, "छान आहे हो. पण हे गवत खायचं कुणी?"

सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न अगदी टेक्निकल वाटला. कारण आपल्या जिल्ह्यात गवत हे पीक होतं. डोंगरउतारावरचं गवत कापायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं, हा मोठा धंदा होता. १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव-डहाणूच्या भागात, वारल्यांनी जो प्रसिद्ध लढा दिला, त्यात गवत कापण्याच्या मजुरीचा संप होता. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' लायब्ररीत मराठीच्या कपाटात आहे, कुणीतरी काढून वाचा. सांगायचा मुद्दा असा, की ज्या गवतासाठी माणसं संपावर गेली त्याला पाणी कुणी घातलं नव्हतं. ते आपलं आपण उगवत होतं.

आता लॉन आलं कुठून? इंग्लंडमधून, अर्थातच. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने गवत कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं. कल्पना त्याला सुचली कापडगिरणीत. लोकरी कापडावरची लव सारखी करायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं, तेच त्याने जमिनीवर चालवलं. मेकॅनिकलवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात असा शोध आहे, यात शंका नाही. पण इंग्लंडचा पाऊस बघा. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या चौथ्या हिश्श्याइतकाच, पण बाराही महिने थोडा थोडा. ऊन सौम्य. तिथे लॉन हीच कमी कटकटीची गोष्ट आहे, कारण पाणी आकाशातून आपोआप हप्त्याहप्त्याने येतं. आपल्याकडे आकाश एकरकमी देतं आणि आठ महिने हात वर करतं. तिकडची सोय इकडे आणली की चैन होते. साहेब गेला, त्याचे क्लब आणि कलेक्टरचे बंगले राहिले, आणि 'मोठ्या जागेसमोर लॉन पाहिजे' ही समजूत राहिली. आमच्या कॉन्व्हेंटमध्येसुद्धा ग्रोटोसमोर लॉन होतं आणि सिस्टर स्वतः पाइप घेऊन उभ्या असायच्या. त्यांच्या चिकाटीला सलाम. पण चिकाटी लागते, हाच तर मुद्दा!

शाळेत सायन्सच्या पुस्तकात 'वीड'ची व्याख्या पाठ केली होती. नको त्या जागी उगवलेलं रोप म्हणजे वीड. पाच मार्कांच्या प्रश्नात एक मार्क. नको म्हणजे कुणाला नको, हे त्या व्याख्येत नव्हतं. ते मला आपल्या माळीकाकांनी शिकवलं. ऑगस्टमध्ये ते लॉनवर बसून टाकळा उपटत होते आणि बाजूच्या पिशवीत कोवळा पाला वेगळा ठेवत होते. मी विचारलं, "काका, हे कशाला?" ते म्हणाले, "साहेब बोलतात उपटून टाक, घरची बोलते घेऊन ये. दोघांचंबी ऐकतो." टाकळ्याची भाजी खाल्ली नसेल तर पावसाळ्यात एकदा मुरबाडच्या बाजारात जा. जूनच्या सुरुवातीला शेवळं आणि त्याबरोबर काकडं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली... ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका टोपलीत घेऊन बसलेल्या असतात. यातल्या कित्येक गोष्टी आपल्या 'तण' या यादीत आहेत.

पण म्हणून तण म्हणजे सगळं पवित्र, असं मी म्हणत नाही. गाजरगवत हे खरोखर संकट आहे. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं आणि आता कुठे नाही ते सांगा. अंगाला खाज, दमा, सगळं देतं. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट काढलंच पाहिजे. गंमत म्हणजे टाकळा दाट वाढला की गाजरगवताला जागा देत नाही. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञही हाच उपाय सुचवतात. काका मात्र दर ऑगस्टला हुकमाप्रमाणे टाकळा उपटतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत गाजरगवत आरामात पसरतं.

तसाच प्रकार लव्हाळ्याचा. त्याला जमिनीत गाठी असतात, नागरमोथा म्हणतात तो हाच. वरून उपटलं की गाठी तशाच राहतात आणि पुन्हा फुटतात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. आजूबाजूचं गवत उंच वाढू दिलं तर तो मागे पडतो. आपण काय करतो? दर पंधरा दिवसांनी मशीन फिरवून सगळं बोटभर उंचीचं करतो, म्हणजे लव्हाळ्याला छान ऊन मिळावं! मला तर वाटतं, लव्हाळ्याची पद्धतशीर शेती करायची झाली तरी याहून वेगळं काही करावं लागणार नाही.

मग लॉनऐवजी काय? नर्सरीत विचाराल तर ते लगेच वेडेलिया दाखवतील. पिवळी फुलं, चकचकीत पानं, पाणी कमी, तीन महिन्यांत जमीन झाकते. कृपा करून आणू नका. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कंपाउंडच्या बाहेर ओढ्यात गेलं की संपलं. प्लॅस्टिकच्या गवताबद्दल मी बोलतच नाही, मे महिन्यात त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. आणि पेव्हर ब्लॉक म्हणजे त्या १००० चौरस मीटरवर पावसाळ्यात पडणारं २५ लाख लिटर पाणी सरळ गटारात घालणं. हो, २५ लाख! उन्हाळ्यात जे ६ लाख लिटर आपण टँकरने आणायला बघतो, त्याच्या चौपट पाणी त्याच जागेवर फुकट पडतं.

माझं म्हणणं साधं आहे. इथे जे आपोआप उगवतं त्यालाच जागा द्यावी आणि वर्षातून दोनदा कापावं. फेब्रुवारीपासून पाणी बंद. नाजूक कार्पेट उन्हानेच मरेल, खर्च शून्य. मे महिन्यात वरची दोन-तीन इंच माती हलकी मोकळी करायची. आदल्या नोव्हेंबरात मागच्या टेकडीवरचं बी धरलेलं गवत कापून ठेवलेलं असेल, ते मृगाच्या आधी इथे पसरायचं. पवना, मारवेल, रानमेथी, मध्ये तेरडा, कवळा, जे येईल ते येऊ दे. बियाणं विकत घ्यायचं नाही. जिथे नळाचं पाणी ओघळतं तिथे ब्राह्मी आणि जलपिंपळी जमीन धरून राहतात. कडेला बहावा, पळस, करंज अशी पाच-सहा झाडं लावायची. त्यांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल, पण ते बादलीने मोजता येईल इतकं. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, बहावा एप्रिल-मेमध्ये. कमिटीच्या फोटोंचा प्रश्नही सुटला!

कँटीनपासून लायब्ररीकडे जाणारी ती तिरकी पायवाट आहे ना, जी बोर्ड लावूनही सात वर्षांत बंद झाली नाही, ती मुरूम टाकून अधिकृत करावी. हजार मुलं रोज जिथून जातात ती वाट चुकीची नसते, प्लॅन चुकीचा असतो. हे आमच्या ट्रान्सपोर्टेशनच्या सरांनीच शिकवलंय.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात खरा, साप. शहापुरात राहून सापाला घाबरू नका असं मी म्हणणार नाही. घोणस, फुरसं, मण्यार, नाग, सगळे आहेत. म्हणून इमारतीलगत आणि वाटांच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच मीटरचा पट्टा कायम बारीक कापलेला हवा. तिथे आपली हरळी पुरते, ती पाण्याशिवाय वाळते आणि पावसात परत येते. बारीक कापलेली कड असली की आतलं उंच गवत 'दुर्लक्ष' वाटत नाही, मुद्दाम ठेवलंय हे दिसतं. दुसरा आक्षेप आगीचा. वाळलेलं गवत मार्चपर्यंत उभं ठेवलं आणि कुणी सिगरेट टाकली तर वणवाच. (कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.) म्हणून एक कापणी जुलैअखेर, गवत फार उंच होऊ नये म्हणून, आणि दुसरी दिवाळीनंतर, बी झडल्यावर. दिवाळीनंतर वाळलेलं काहीही उभं ठेवायचं नाही. कापलेलं गवत म्हशीला जाईल, मागच्या पाड्यात म्हशी आहेत. डासांचा आक्षेप मी मान्य करत नाही. डास साचलेल्या पाण्यात होतात, आणि ते स्प्रिंकलरच्या खड्ड्यात साचतं. आणि 'मग तिथलंच उपटून खाऊ' म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना सांगते, त्या जमिनीवर तणनाशक मारलेलं आहे, आणि ओळखत नसाल ते तर कधीच तोंडात घालू नका.

शेवटचा आक्षेप एका सरांनी घेतला, "नोव्हेंबर ते मे सगळं पिवळं दिसेल, पालक अ‍ॅडमिशनला येतात तेव्हा काय वाटेल?" दिसेल की पिवळं. कॅंपसवरून समोर माहुली दिसतो. एप्रिलमध्ये तो अख्खा गड पिवळा असतो आणि ट्रेकिंग क्लबच्या पोस्टरवर त्याचाच फोटो आहे. तिथे कुणी टँकर पाठवत नाही. जुलैत तो आपोआप हिरवा होतो.

खेळाच्या मैदानाला मी हात लावा म्हणत नाही, तिथे गवत हवंच, कारण तिथे आपण त्यावर पळतो, पडतो. प्रश्न फक्त त्या गवताचा आहे ज्यावर पाय ठेवायला बंदी आहे.

सुरुवातीला सगळे दहा गुंठे नकोत. झेंड्याच्या कट्ट्यापासून टाकीपर्यंतचा अर्धा भाग दोन पावसाळ्यांसाठी द्यावा, एवढीच मागणी आहे. पाण्याचं मीटर आम्ही बसवतो, दर महिन्याचा आकडा नोटीस बोर्डावर लावतो. उरलेल्या अर्ध्या भागात लॉन राहू दे, म्हणजे तुलना करता येईल. अर्ज सिव्हिल डिपार्टमेंटच्या बाहेर टेबलावर ठेवलाय, आत्तापर्यंत ४१ सह्या झाल्यात, पैकी ३० हॉस्टेलच्या. माळीकाकांशीही बोलणं झालंय. त्यांच्या दोन अटी आहेत. दिवाळीनंतरच्या कापणीला पाड्यातली दोन माणसं मजुरीवर घ्यायची, आणि टाकळा कधी काढायचा ते ते ठरवणार.